आजीची ट्रंक आणि ‘साडी, जुनी, १ नग’

अंबाजोगाईची_लेक
शनिवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. अर्धा प्रश्न आहे, अर्धी तक्रार. गोड मानून घ्या.

आजी मागच्या वर्षी गेली. अंबाजोगाईचं घर आता विकायला काढलंय, म्हणून दिवाळीनंतर आम्ही चौघी बहिणी आवरायला गेलो होतो. माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. वर दोन वाकळी, त्याखाली मांजरपाटात गुंडाळलेलं बोचकं. बोचक्यात एक काळी नऊवारी, लाल काठाची. पदर जरीचा आणि घडीच्या रेघेवर उभा फाटलेला. तिच्याखाली पणजोबांची शेरवानी. ते निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार होते. शेरवानीचं कापड वरून रेशमी वेलबुट्टीचं, पण आत हात घातला की पाठीमागे सुटे धागे लोंबतात. बाकी रेघारेघांच्या चमकदार कापडाचे दोन तुकडे होते. चोळीचे असावेत.

चौघींत वाटण्या नकोत यावर एकमत झालं (आमच्या घरात हे पहिल्यांदाच!). ठरलं की संग्रहालयाला द्यायचं. मी एका सरकारी संग्रहालयात गेले, नाव घेत नाही. साहेब माणूस भला होता, चहा पाजला. म्हणाले, "ताई, द्या की. अर्ज करा, आधारची झेरॉक्स जोडा." मी विचारलं, नोंद कशी होईल? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. आधी कुणीतरी दिलेल्या साडीपुढे लिहिलं होतं, ‘साडी, जुनी, १ नग’. कुणाची, कुठली, कधीची, काही नाही. मांडायला जागा नाही, कपाटात राहील म्हणाले.

तेव्हापासून मन मागे-पुढे होतंय. घरात ठेवली तर कसर लागणार. तिथे ठेवली तर ‘१ नग’ होणार. काय करू?

फोटो खाली डकवलेत.


जालन्याचा_जावई
शनिवार, रात्री १०:०५

सरळ सांगू का? विका. जुन्या जरीला भाव आहे. आमच्या गल्लीत अजून महिन्याला एक जण ओरडत जातो, "जुनी जरीची साडीऽऽ". चांगले पैसे देतो.


खवचट_काका
शनिवार, रात्री १०:११

जावईबापू, तो माणूस साडीचे पैसे देतो असं वाटतंय का तुम्हाला? तो पदर जाळतो आणि राखेतली चांदी घेतो. जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असायचा, म्हणून तर तो दारोदार फिरतो. आमच्या मातोश्रींनी १९८० च्या आसपास दोन शालू देऊन स्टीलचा डबा आणि दोन पातेली घेतली होती बोहारणीकडून. डबा अजून आहे. झाकण हरवलंय.

लेकीबाई, विकू नका एवढंच सांगतो. पण संग्रहालयांविषयी फार आशाही ठेवू नका. तिथे कोण जातं? शाळेच्या सहली, त्यांना तलवारी पाहायच्या असतात, आणि बाहेर पाऊस असला की जोडपी.


धोटा
शनिवार, रात्री १०:५२

ताई, फोटो पाह्यले. मी पैठणचा, घरात माग हे. आजोबापासून. म्हणून सांगायलोय.

ही काळी चंद्रकळा पैठणी हे. काळं अंग, लाल काठ. पूर्वी रंगावरूनच नाव पडायचं, पांढरी ती शिरोदक, पोपटी ती राघू. तुमच्या पदराचा उलट्या बाजूचा फोटो टाका बरं एक. पदर उलटा केला तरी नक्षी सुलट्यासारखीच दिसली, मागं सुटा धागा एक न्हाई, तर ती हातची. कारण आमच्यात नक्षीच्या दरेक रंगाला वेगळी कांडी, म्हंजे धागा गुंडाळलेली काडी असती. मोराची मान आली की निळी कांडी, मान संपली की ती तिथंच सोडायची, शेजारची जरीची उचलायची आणि दोन्हीचे धागे एकमेकांत अडकवायचे. एका पदरावर पन्नास-साठ कांड्या लोंबत असत्यात. म्हणून दिवसाला बोटभर पुढं गेलं तरी लई झालं. मशीनच्या साडीत मागून धागे कातरलेले दिसत्यात, ती ओळखायची खूण.

फाटलं ते घडीवर फाटलं. जर कडक, रेशीम मऊ. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली की जर रेशमाला कापती. आमची आई दर नागपंचमीला घरातल्या साड्या काढून घडी बदलायची.


अंबाजोगाईची_लेक
शनिवार, रात्री ११:२०

धोटा, तुमच्या तोंडात साखर. उलट्या बाजूचा फोटो टाकलाय. मला तर दोन्हीकडून सारखंच दिसतंय! पदरावर मुनिया म्हणजे पोपट आहेत आणि काठाला नारळीची नक्षी.


धोटा
शनिवार, रात्री ११:२६

हातचीच हे. जपा.


धूपछाव
रविवार, सकाळी ८:१५

वस्त्र-संवर्धनाचं काम करते, म्हणून काही तातडीच्या गोष्टी. आजच करा, चर्चा नंतर.

साडी धुऊ नका, ड्रायक्लीनला तर अजिबात देऊ नका. फाटलेल्या जागी फेव्हिकॉल, सेलोटेप, रफू, इस्त्रीचं चिकटणारं अस्तर यांतलं काहीही नको. डांबरगोळ्या असतील तर आधी बाहेर काढा. जरीला त्या लागू द्यायच्या नसतात. घडी घालू नका, गुंडाळा. पीव्हीसी पाइप नको. जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यावर धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाचे दोन वेढे द्या, मग साडी जरीची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा. वरून पुन्हा मांजरपाट. प्लास्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. आपल्याकडे उन्हाळ्याचा त्रास नाही तितका जुलै-ऑगस्टचा आहे.

आणि तुमच्या आजीने हे मांजरपाटात गुंडाळलं होतं ना? तिने निम्मं काम करून ठेवलंय.

शेरवानी हँगरला लटकवू नका. खांद्यातून फाटेल. आडवी ठेवा, बाह्यांत आणि छातीत कापडाचे बोळे भरून.

संग्रहालयात ती कायम मांडलेली नसते म्हणून लोक नाराज होतात. पण रेशमाला प्रकाश लागला की रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो, तो परत येत नाही. म्हणून दालनात उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे जेमतेम संधिप्रकाश. काही महिने मांडून मग वर्षानुवर्षं अंधारात विश्रांती द्यायची, हीच चांगली पद्धत. कपाटात ठेवणं हा अपमान नाही. नोंद नसणं हा आहे.


खवचट_काका
रविवार, सकाळी ९:०२

धूपछावबाई, शेवटची दोन वाक्यं पटली. मी अहमदाबादचं कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहिलंय. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी १९४९ साली काढलेलं. कल्पना म्हणे कला-अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी गौतमभाईंना दिली. तिथे आधी नाव नोंदवायचं, मोजकीच माणसं आत सोडतात, मोबाइल बाहेर ठेवायचा. मी आत जाताना चिडलो होतो, बाहेर येताना गप्प होतो. अंधार इतका की बायको माझा हात धरून चालली. लग्नानंतर दुसऱ्यांदा.

पण ते गिरणीमालकाचं घर. गिरणीत पैसा होता, बहीण-भावाला नजर होती. आपल्याकडे काय आहे?


नांदेडचा_नाना
रविवार, सकाळी १०:३०

काका, आपल्याकडे काय नाही ते विचारा. प्राचीन तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने व्यापाऱ्यांसाठी लिहून ठेवलंय की भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून गोमेद जायचे, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. तेरला लामतुरे संग्रहालय आहे, पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालय आहे. दोन्हीकडे मातीची, दगडाची, हस्तिदंती वस्तू बघायला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वीचं कापड मात्र कसं मिळणार? आपल्या हवेत, आपल्या मातीत ते कुजतं. खापर टिकतं.

म्हणून कापड बघायचं तर अजिंठ्याला जा. भिंतीवरच्या बायका-पुरुषांच्या अंगावर बघा. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, हंसांच्या रांगा विणलेलं कापड, पारदर्शक मलमल. माझ्या लेखी मराठवाड्याचं पहिलं वस्त्र-संग्रहालय तेच. गाईड मात्र बोधिसत्त्वाच्या डोळ्यांवर बॅटरी मारतो आणि पुढे नेतो.


पुणेरी_पाहुणा
रविवार, सकाळी ११:१०

पैठणी म्हणजे येवला ना पण?


धोटा
रविवार, सकाळी ११:१२

🙏


नांदेडचा_नाना
रविवार, सकाळी ११:२०

पाहुणे, नावातच गाव आहे हो. येवल्याला रघोजी नाईकांनी पेठ वसवून कारागीर बोलावले, तिथला धंदा भरभराटीला आला, मान्य. आज माग तिकडेच जास्त आहेत, तेही मान्य. पण नाव बघा की.

(या विषयावर आधीच तीन धागे झालेत. इथे नको.)


नवाबपुऱ्याचा_नातू
रविवार, दुपारी १:४५

आदाब. वाचनमात्र असतो. पण शेरवानीचा फोटो पाहून लॉगिन केलं.

ताई, ते हिमरू आहे. आतून लोंबणारे धागे म्हणजे खोट नव्हे, तीच त्याची रीत. उभा ताणा सुती, नक्षीचा आडवा बाणा रेशमी. जिथे फूल असेल तिथे रेशीम वर येतं, बाकी वेळ पाठीमागे मोकळं पळतं. म्हणून हिमरू आतून उबदार. किनखाबाला, म्हणजे जरीच्या भारी रेशमी कापडाला, सोन्याची तार लागते, ती परवडेना, तर त्याच्यासारखं दिसणारं केलं. हम-रूह, म्हणजे तशाच रूपाचं, असा अर्थ आमच्याकडे सांगतात. तुघलकाने दिल्ली दौलताबादेला आणली तेव्हा कारागीर सोबत आले, ही गोष्टही प्रत्येक हिमरूवाल्याच्या घरी सांगतात. मी ती गोष्ट म्हणूनच सांगतो.

ते रेघांचं चमकदार कापड मशरू आहे. वर रेशीम, आत सूत. नावाचा अर्थच ‘शरियतला चालणारं’. पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये, म्हणून अंगाकडे सूत आणि जगाकडे रेशीम. हिंदू घरातही चोळीला सर्रास वापरायचे, तुमच्या पणजीसारखे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सगळे साडी कुठे ठेवायची ते बोलतायत. आमच्या घरी काय गेलं ते सांगतो.

माझे दादा हिमरू विणायचे. माग खड्ड्याचा. दादा खाली, पाय खड्ड्यात. वर, मागाच्या डोक्यावर फळीवर एक पोरगा बसायचा. लहानपणी माझे अब्बा बसायचे. उभ्या धाग्यांना वरून दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांत गाठी घालून नक्षी बांधलेली असते. त्याला जाला म्हणतात. पोरगा एक गाठ ओढणार, ठरलेले धागे उचलले जाणार, दादा आडव्या धाग्याचा धोटा फेकणार. मग पुढची गाठ. पान कुठे वळतं, फुलाला पाकळ्या किती, दोन बुट्ट्यांत अंतर किती, सगळं त्या गाठींमध्ये. कागदावर एक रेघ नव्हती. माझ्या दादांना लिहिता येत नव्हतं, पण त्यांच्याकडे नक्षीचं अख्खं दप्तर होतं. ते सुताच्या गाठींचं होतं, इतकंच.

पुढे जाल्याच्या जागी जॅकार्ड आला, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून धागे उचलणारं यंत्र. पोरग्याची गरज संपली (अब्बा शाळेत गेले, ते चांगलंच झालं). दादा गेल्यावर घर दुरुस्त केलं तेव्हा कोपऱ्यात धूळ खाल्लेल्या सुताची भलीमोठी जुडी निघाली. कुणाला काही कळलं नाही. अर्धी खाटेला वापरली, अर्धी भंगारवाल्याने नेली. मी तेव्हा नववीत होतो. खाट बांधताना दोरी मीच धरली होती.

कापड तर कुठे कुठे आहे. हैदराबादच्या सालारजंगमध्ये, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात, लोकांच्या ट्रंकेत. पण ते कापड परत विणायचं तर जाला पाहिजे. तो किती ठिकाणी असेल?


अंबाजोगाईची_लेक
रविवार, दुपारी २:०५

काय लिहू कळत नाहीये. पुन्हा वाचून काढलं सगळं.


खवचट_काका
रविवार, दुपारी २:३०

नातवा, लिहीत जा रे बाबा इथे. वाचनमात्र राहू नको.


धूपछाव
रविवार, दुपारी ३:१५

नवाबपुऱ्याचा_नातू यांनी आमच्या धंद्याच्या वर्मावर बोट ठेवलंय. शिकत असताना आम्हाला एक गोष्ट सांगितली होती, ती इथे बसते. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन नावाच्या साहेबाने हिंदुस्थानभरच्या कापडांचे ७०० तुकडे १८ खंडांत डकवले. असे २० संच केले. १३ विलायतेत ठेवले, ७ इकडे पाठवले. उद्देश काय, तर इथलं गिऱ्हाईक काय नेसतं-पांघरतं ते तिकडच्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावं. प्रत्येक तुकड्याला लांबी, रुंदी, वजन, गाव अशी नोंद. म्हणजे नोंद कशी ठेवावी ते त्यांना नेमकं ठाऊक होतं, कारण त्यांना त्यातून माल विकायचा होता. विणणाऱ्याचं नाव मात्र कुठे नाही. ते त्यांच्या कामाचं नव्हतं.

म्हणून ‘१ नग’ वाचून मला राग आला तो वेगळाच. निदान आपल्या कामाची नोंद तरी आपण करावी.

स्वातंत्र्यानंतर विणकर सेवा केंद्रं निघाली, तिथे चित्रकार बसवले होते नक्ष्या करायला. आपले प्रभाकर बरवे तिथलेच, आधी बनारसला आणि नंतर मुंबईला. बरवे म्हटलं की कॅनव्हास आठवतो, पण पगार कापडाच्या नक्षीचा होता! त्या काळच्या कागदी नक्ष्या, रंगांचे तुकडे, नमुने हे सगळं फॅशनचं दप्तरच आहे. फॅशन म्हणजे फक्त रॅम्पवरचं नाही.


जर्सीसिटीची_मराठवाडी
रविवार, रात्री ८:५०

इथे सकाळ आहे, चहा घेत वाचतेय. मूळची परभणीची.

न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहात निलोफरच्या साड्या आहेत, हे कळलं तेव्हा मी उडाले होते. निलोफर म्हणजे निजाम उस्मान अलींची सून, तुर्की राजघराण्यातली. १९३१ मध्ये फ्रान्सला नीस इथे लग्न झालं. तिच्या साड्या मुंबईचे माधवदास करून द्यायचे आणि नक्षी काढायचा एक फ्रेंच माणूस, फर्नांद सेसारी. बघा, नेसणारी तुर्की, चित्र फ्रेंच, काम मुंबईचं, पैसा हैदराबादचा. आणि त्या पैशात आपल्या मराठवाड्याचा शेतसारा! आमचे पणजोबा भरायचे तो.

सांगायचं हे की तिथे नेसणारीचं नाव आहे, शिवून देणाऱ्याचं आहे, नक्षी काढणाऱ्याचंही आहे. म्हणून ती साडी आज बोलते. पैठणच्या काठांत नवे नमुने निलोफरने आणले असंही सांगतात. म्हणजे एका सुनेच्या आवडीने माग बदलला. तुमच्या आजीच्या आवडीनेही कुठल्या तरी दुकानदाराने पुढच्या वर्षी काळ्या साड्या जास्त मागवल्या असतीलच की. तिचं नाव लिहा.


खवचट_काका
रविवार, रात्री ९:०५

शेतसाऱ्याचा मुद्दा आवडला. हैदराबादला पुरानी हवेलीत सहाव्या निजामाचं कपड्यांचं कपाट आहे. बर्मा सागवानी, दुमजली, गल्लीएवढं लांब. म्हणे एकदा घातलेला कपडा पुन्हा घालत नसे. आमच्या घरी एक धोतर दोघे भाऊ आळीपाळीने नेसायचे, शाळा सकाळ-दुपार होती म्हणून निभावलं.


तांड्यावरची
रविवार, रात्री १०:२०

चर्चा छान आहे. थोडं कडू बोलते, राग नको.

पैठणी, हिमरू, मशरू, सगळं दरबाराचं आणि पेठेचं. मी किनवटकडच्या बंजारा तांड्यावरची. माझ्या याडीचा, म्हणजे आईचा, फेटिया (घागरा) आहे, कांचळी (चोळी) आहे. आरसे, कवड्या, नाणी, आणि टाका असा की कापड दिसूच नये. ते विकत आणलेलं नाही, तिने स्वतः भरलंय, लग्नाआधीची काही वर्षं. त्याला संग्रहालयात ‘आदिवासी पोशाख’ असं लिहून एका पुतळ्याला घातलेलं मी पाहिलं. पुतळा गोरा, नाक चाफेकळी. कांचळी मागे बंद बांधायची असते, ती पुढे बांधली होती. मी सांगितलं तर तिथले म्हणाले, "मॅडम, असंच आलंय."

आणि घोंगडी कुठे आहे तुमच्या संग्रहालयात? दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, खड्ड्यातला माग. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने जन्मभर अंगावर घेतलं ते हेच. शेरवानी किती जणांकडे होती?


अंबाजोगाईची_लेक
रविवार, रात्री १०:४५

ताई, राग कसला. खरं सांगते, ट्रंकेच्या सगळ्यात वर ठेवलेल्या वाकळींचा फोटोसुद्धा मी टाकला नव्हता. त्या ‘वस्तू’ वाटल्याच नाहीत. आता टाकते.


उदगिरी
सोमवार, सकाळी ७:३०

तांड्यावरची +१.

एक भर माझ्याकडून. आमच्या उदगीरच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणतात, नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. स्वामी रामानंद तीर्थांनी उभी केलेली संस्था. २०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालेल असं झालं. त्यानंतर हातमागाच्या ध्वजाचं काय व्हायचं ते व्हायला लागलंय. लाल किल्ल्यावर झेंडा बघताना आमची आत्या म्हणायची, "सूत आपलं हाय की गं." या कापडाचा एक वार तरी कुणी जपून ठेवावा, विणणारीच्या नावासकट.


धूपछाव
सोमवार, सकाळी ९:४०

लेकीबाई, वाकळीचा फोटो मोठा करून पाहिला. कडेला उसवलंय तिथे आत तीन-चार थर दिसतायत. वरचं इरकली असावं, त्याच्या खाली काहीतरी छापील. उसवू नका! तशीच ठेवा.

वाकळ म्हणजे एका घरातल्या बायकांनी काय काय नेसलं त्याचा थरावर थर. आजीचं लुगडं आत, आईची साडी वर. जपून ठेवायचं म्हणून कुणी वाकळ शिवत नाही, थंडीसाठी शिवतात, आणि त्यातूनच साधं, रोजचं, धुऊन धुऊन विरलेलं कापड वाचलं. भारी साड्या ट्रंकेत जातात, रोजची लुगडी कुठेच जात नाहीत. ती इथे गेली. मला विचाराल तर तुमच्या ट्रंकेतली सगळ्यात दुर्मीळ वस्तू ती.


धोटा
सोमवार, दुपारी १२:१५

सगळ्यांचं ऐकलं. एक सांगू का? संग्रहालय म्हटलं की आमच्या घरात धाकधूक होती. लोक येत्यात, मागाचा फोटो काढत्यात, "किती जुनी कला" म्हनत्यात. आता मी काय जुना हे का? छत्तीस वर्षांचा हे. व्हॉट्सॅपवर ऑर्डर घेतो. रेशीम बेंगळुरूचं, जर सुरतेची. पूर्वी पैठणातच तार ओढायचे, तारकशीवाले, चापडे अशी घरं होती, आता आडनावं उरली.

पण जुना पदर बघायला मिळाला तर मला पाह्यजे. कामून की, आजोबा एक मुनिया काढायचे, तिची चोच खालच्या बाजूला वळलेली. मला ती जमत न्हाई, कारण पाह्यला नमुनाच न्हाई. ताईच्या पदरावर तशीच दिसायली. काचेच्या आत ठेवली तर मला दोन हातावरून दिसंल. मोजता न्हाई येनार. विणकराला हातात घेऊन, भिंग लावून धागे मोजू देनारं संग्रहालय असंल तर द्या. न्हाईतर तुमच्याच घरी ठेवा, मी येतो.


धूपछाव
सोमवार, दुपारी १२:५०

हातमोजे घालून, सपाट टेबलावर, पेन दूर ठेवून (फक्त पेन्सिल!) अभ्यासासाठी वस्तू दाखवणं हे चांगल्या संग्रहालयाचं कामच आहे. दानपत्रात तशी अट घालता येते. लेकीबाई, अर्ज कराल तेव्हा सोबत स्वतःचं टिपण जोडा आणि त्याची प्रत शिक्का मारून परत घ्या. त्यांच्या रजिस्टरात एकच ओळ मावत असेल, तर त्या ओळीत ‘टिपण जोडले आहे’ एवढं लिहून घ्या.

टिपणात काय लिहायचं? कुणी नेसली, कुठल्या प्रसंगाला, कुठून घेतली, कुणी धुतली, कुठे फाटली. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आज फोन करा. आज म्हणजे आज.


अंबाजोगाईची_लेक
मंगळवार, रात्री ११:३०

केला. परळीच्या मोठ्या आत्याला. वय ८९. ऐकायला कमी येतं, त्यामुळे निम्मा वेळ मी ओरडत होते आणि शेजारची मुलगी विचारून गेली, भांडण आहे का म्हणून.

साडी आजीची नाहीच. पणजीची. संक्रांतीला नेसायची. पणजोबांनी कापूस विकल्यावर घेतली, कुठून ते आत्याला आठवत नाही. पण फाटली कशी ते तिने सांगितलं आणि मी खाली बसले.

मी समजत होते की आम्ही नीट ठेवली नाही म्हणून घडीवर फाटली. तसं नाही. रझाकारांच्या वेळेला गावातली बरीच घरं निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडे गेली. आमचीही गेली. पणजीने ही साडी हातभर लांबीची घट्ट घडी करून, सुतळीने आवळून, ज्वारीच्या पोत्यात मध्यभागी घातली. वरून दुसरी पोती. बैलगाडीत. बार्शीला चार-पाच महिने पोतं तसंच होतं, कारण उघडलं तर आहे ते दिसेल. परत आल्यावर उलगडली तेव्हा पदर घडीवर गेलेला. पणजी म्हणाली म्हणे, "जाऊ दे, आपण तर आलो ना." पुन्हा तिने ती नेसली नाही. टाकलीही नाही.

शेरवानीची गोष्ट उलटी आहे. ती पणजोबा मागे घरातच सोडून गेले होते. परत आले तेव्हा खुंटीला तशीच होती. आत्या म्हणते, त्यांनी ती नंतर कधी घातली नाही, पण तिची घडी दर वर्षी स्वतः बदलायचे.

वाकळीत कुणाचं काय आहे ते आत्याला बऱ्यापैकी माहीत आहे. ती फोटो बघून सांगणार आहे. मोबाइलवर दिसत नाही तिला, मोठे प्रिंट काढून परळीला जाते.


नवाबपुऱ्याचा_नातू
मंगळवार, रात्री ११:४८

शेरवानीच्या आतल्या बाजूला, कॉलरपाशी किंवा खिशाच्या आत शिंप्याची खूण असते का बघा. धाग्याने केलेली असते, शाईची नसते बहुतेक. आणि पाठच्या सुट्या धाग्यांचा जवळून फोटो द्याल का? अब्बांना दाखवतो. ते सत्तरीचे आहेत, पण गाठ कुठे ओढायची ते त्यांची बोटं अजून सांगतात. निदान एका बुट्टीचा तरी जाला कागदावर उतरवतो.


तांड्यावरची
बुधवार, सकाळी ६:५५

याडीला विचारायला मीपण जाते या रविवारी. कांचळीचा बंद मागे बांधायचा असतो, हे पहिलं वाक्य लिहिणार.


धोटा
बुधवार, सकाळी ७:२०

ताई, ती फाटलेली बाजू शिवू नका म्हनजे नका. आधी मला वाटलं व्हतं सांगावं, मी जोडून देतो. आता न्हाई जोडत.

मुनियाची चोच मोजायला कधी येऊ? रविवारी पैठणहून निघालो तर दुपारपर्यंत अंबाजोगाई. भिंग माझं. येताना नळी नि मांजरपाट आणू का, का हे तुमच्याकडं?


अंबाजोगाईची_लेक
बुधवार, सकाळी ७:४१

मांजरपाट आहे, आजीचंच. नळी आणा.